वाफेकाकांनी तापवलेलं तळं

वाफेकाकांना आयुष्यात एक गोष्ट अगदी नीट येत होती, आणि ती म्हणजे पाणी तापवणं. हसू नका. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या लाँड्रीतला बॉयलर सांभाळला होता. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांचे पांढरे डगले, सगळं त्यांच्या वाफेवर धुतलं जायचं नि त्यांच्याच वाफेवर इस्त्री व्हायचं. तिथल्या बायकांनी त्यांना वाफेकाका म्हणायला सुरुवात केली आणि नोकरी संपली तरी ते नाव काही सुटलं नाही. बॉयलर एकदाही फुटला नाही, एकदाही विझला नाही. माणसाला अभिमान वाटायला एवढं पुरतं, नाही का?

तर या माणसाकडे त्या वर्षीच्या थंडीत आठ गोल्डफिश सांभाळायला आले. ते त्यांच्या सुनेचे. आणि गाव असं की थंडीत उघड्या पाण्यावर बर्फच धरायचा.

मासे म्हणाल तर घरातच होते. मागच्या अंगणात सुनेने दोन उन्हाळ्यांपूर्वी स्वतः कुदळ घेऊन खड्डा खणला, चांगला कमरेइतका खोल, त्यात जाड रबरी कापड अंथरलं, काठाला दगड लावले आणि तळं केलं. बायको गेल्यापासून काका त्या अंगणात फिरकतही नव्हते, पण तळं झाल्यावर खुर्ची घेऊन बसू लागले. सून कवळ्या करायची. म्हणजे दातांच्या कवळ्या. तशा कारखान्यात कामाला होती. काकांची खालची कवळी तिनेच केलेली, आणि इतकी बेमालूम की काका लोकांना मुद्दाम हसून दाखवायचे. हाताची मोठी बारीक होती पोरगी. माशांना तिनेच नावं दिली होती. एक होता मास्तर, कारण तो सगळ्यांच्या मागे मागे फिरायचा. एक फौजदार. एकीच्या पाठीवर पांढरा डाग होता, ती ठिगळी. बाकीच्यांचीही काही ना काही होतीच.

आता चिरंजीवांबद्दल सांगायला हवं. काकांचा मुलगा मोटार शिकवायचा. शिकवणाऱ्याच्या गाडीत कसा दोन्हीकडे ब्रेक असतो? तसा या गृहस्थाचा पाय घरी आला तरी ब्रेकवरच. ग्लास असा का धरलास, दार असं का लावलंस, फोनवर इतका वेळ काय बोलतेस. आणि प्रत्येकाच्या शेवटी, "जाऊ दे, तुला काय कळतं." मारझोड नाही, शिवीगाळ नाही. नुसतं रोज थोडं थोडं किसत राहायचं. काकांना ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं ते स्वतःलाही कधी म्हणू शकले नाहीत. पण नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा, असं म्हणून ते मूग गिळून बसायचे. सोयीचं असतं हो ते.

एका संध्याकाळी जेवताना सून म्हणाली की कारखान्याचे मालक दुसऱ्या गावात नवी शाखा काढतायत आणि ती तिने सांभाळावी असं त्यांचं म्हणणं आहे. चेहरा असा उजळला होता तिचा! चिरंजीव खो खो हसले. "तू? शाखा? अगं, तुला घरातलं एक कपाट लावता येत नाही." काकांच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं, अगदी आलं होतं. ते म्हणाले, "जरा पाणी दे गं."

तिने पाणी दिलं. पुढच्याच महिन्यात ती गेली. भांडण नाही, आदळआपट नाही, दोन बॅगा घेतल्या आणि गेली.

जाताना मासे नेता येणार नव्हते. थंडी तोंडावर आलेली, आणि तिला शाखेच्या गावी मिळालेली जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. ती काकांना म्हणाली, "बाबा, थंडी संपेपर्यंत मला अंगण असलेलं घर मिळेल. मग मी येऊन यांना घेऊन जाईन. तोवर तुम्ही बघाल ना?" नवऱ्याला नाही विचारलं, सासऱ्याला विचारलं. "अगं, बघेन म्हणजे काय!" एवढंच काका म्हणाले.

तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. थंडी पडली की मासे तळाशी जाऊन गप्प बसतात, त्यांना अजिबात खायला घालू नका, कारण थंडीत त्यांना पचत नाही. बर्फ धरला तर फोडू नका, हादरा बसतो. हवेपुरतं एक भोक राहिलं की झालं, ते बुजलंच तर गरम पाण्याचं पातेलं बर्फावर नुसतं टेकवून ठेवा. पाणी ढवळू नका. आणि खाली, दोनदा रेघ मारून: बाबा, दुसरं काहीही करू नका.

आता इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना माणसाने काय करावं? काहीही करू नये. पण मघाशी सांगितलं ना, यांना पाणी तापवता येत होतं.

सुरुवातीचे काही आठवडे काका शहाण्यासारखे वागले. मग पहिला बर्फ धरला. काका सकाळी चहाचा कप घेऊन काठावर उभे राहिले आणि बर्फातून खाली बघू लागले. आठही मासे तळाशी एकमेकांना खेटून पडले होते. हालचाल नाही, काही नाही. मास्तर कोणाच्या मागे नाही, फौजदार कोणावर धावत नाही. काका मनात म्हणाले, हे झोपलेत कुठे, हे मरतायत. आणि हे मेले तर ती कशाला येईल?

कारण खरी गोष्ट ही होती. मासे जगले तर थंडी संपल्यावर सून येणार. आली की काका चहा ठेवणार, चिरंजीव कामावर असतील असा दिवस बघणार, आणि मग त्या संध्याकाळच्या गप्प बसण्याबद्दल तिच्याशी बोलणार. पोरी, मी तेव्हा बोलायला हवं होतं. तो चुकला, आणि त्याच्याहून जास्त मी चुकलो. दाढी करताना आरशासमोर त्यांनी ते शंभरदा म्हणून पाहिलं होतं. हे फोनवर बोलायचं नसतं असं त्यांचं ठाम मत. खरं सांगायचं तर फोनवर बोलायची हिंमत नव्हती, आणि ती येईपर्यंत मुदत मिळत होती.

मग काय, काका कामाला लागले. धुण्याच्या खोलीत घर तापवायचा लहान बॉयलर होता. त्यातून त्यांनी तांब्याची नळी काढली, खिडकीच्या फटीतून बाहेर नेली, तिची वेटोळी करून तळ्यात सोडली आणि परत आत आणली. मध्ये एक छोटा पंप बसवला. तळ्यावर काठ्या रोवून प्लास्टिकचं छप्पर घातलं. पाच दिवस खपत होते. बोटं सोलली, गुडघे धरले, पण शिट्टी वाजवत होते हो म्हातारबुवा! चिरंजीव म्हणाले, "बाबा, माशांसाठी एवढं?" काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती कला त्यांना अवगत होतीच.

पाण्यात सोडलेला थर्मामीटर रोज चढत गेला. चारवरून सहा, सहावरून दहा. बाराव्या दिवशी पंधरा! आणि त्या सकाळी ठिगळी वर आली. तिच्यामागे मास्तर. दुपारपर्यंत आठही जण तोंडं वर काढून मचमच करत होते. वाफेकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भूक लागली गं बायांनो, म्हणत त्यांनी खाण्याचा डबा उघडला. कागदावर काय लिहिलंय ते आठवलं त्यांना, नाही असं नाही. पण ते थंडीतलं झालं, आणि आता इथे थंडी कुठे आहे, असा त्यांनी स्वतःशीच निकाल दिला.

दर रविवारी सुनेचा फोन यायचा. त्या रविवारीही आला.

"बाबा, मासे कसे आहेत?"

"मजेत आहेत."

"तळाशी बसलेत ना? हलत नाहीत ना?"

इथे काका अडखळले. सांगून टाकावंसं वाटलं. पण मग ती काळजी करेल, नाही म्हणेल, आणि सगळी गंमत जाईल. थंडी संपून ती आली की तळ्याच्या काठावर उभं करून दाखवायचं, बघ, तुझे मासे अख्खी थंडी पोहत होते!

"हो हो, बसलेत. अगदी गप्प आहेत."

"शहाणे आहात," ती म्हणाली. ती हसत होती हे फोनवरही कळत होतं. काकांना तो रविवार फार गोड गेला.

असे पाच आठवडे गेले. मासे जाडजूड झाले, फौजदाराला तर पोट सुटलं. आणि मग एका मंगळवारी सकाळी वादळ आलं. असा वारा की प्लास्टिकचं छप्पर पहिल्या तासातच उडालं आणि शेजारच्या कुंपणाला जाऊन लटकलं. अकराच्या सुमाराला कुठेतरी तारा तुटल्या आणि वीज गेली. पंप थांबला. घराचा बॉयलर थांबला.

काका म्हणाले, येईल तासाभरात. तास गेला, दोन गेले, संध्याकाळ झाली. बुधवारी सकाळी थर्मामीटर सहावर आला होता. उघड्यावरच्या नळीतलं पाणी गोठून तांबं तडकलं होतं आणि तळ्यावर काठाकाठाने बर्फ धरू लागला होता. मासे खाली जाऊन बसायच्या मनःस्थितीत नव्हते. ते मध्येच कुठेतरी तिरपे होऊन गरगरत होते.

स्वयंपाकघरातला गॅस तेवढा चालू होता. काकांनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चढवलं आणि उकळीला आलं की बादलीत ओतून बाहेर पळायचं, असं सुरू केलं. पळायचं म्हणजे काय, त्या वयात बर्फावरून जितकं पळता येईल तितकं. एक बादली, दहा बादल्या, वीस बादल्या. एकदा पडले, कोपर फुटलं. चिरंजीव दारात उभे राहून म्हणाले, "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? मासेच तर आहेत." काका पुढची बादली उचलून निघाले. वरून उकळतं पाणी पडत होतं, खाली बर्फासारखं गार होतं, आणि ते दोन्ही नीट मिसळावं म्हणून काका काठीने तळं ढवळत होते. एका जागी बर्फ जाड होता तो त्यांनी हातोडीने फोडला.

कागदावर जे जे करू नका म्हणून लिहिलं होतं, ते सगळं करून झालं.

दुपारी चारला मास्तर उलटा होऊन वर आला. एरवी तो सगळ्यांच्या मागून जायचा, आज सगळे त्याच्या मागून आले. ठिगळी तेवढी उरली. तिला काकांनी टबात घालून स्वयंपाकघरात आणलं आणि स्टूल घेऊन समोर बसले. गुरुवारी वीज आली. ठिगळी त्याच्या तासभर आधी गेली.

टबासमोर बसल्या बसल्या काकांना एक गोष्ट आठवली आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. नोकरीच्या पहिल्या दिवशी वस्तादाने शिकवलेला पहिला नियम: तापलेल्या बॉयलरला गार पाणी एकदम दाखवायचं नाही, लोखंडही तडकतं. गार करायचा तर हळूहळू, दोन दोन दिवस लावून. चौतीस वर्षं हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. लोखंडाची काळजी घेतली, आणि ज्यांच्या अंगात जीव होता त्यांच्या बाबतीत साधा विचारही मनात आला नाही! "गाढव आहेस," ते मोठ्याने म्हणाले. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं.

आठही मासे त्यांनी अंगणात पुरले. जमीन इतकी कडक झाली होती की पहार वापरावी लागली.

शुक्रवारी जेवताना चिरंजीवांनी तोडगा काढला. "इतकं तोंड पाडून काय बसलाय? बाजारात शोभेच्या माशांचं दुकान आहे. आठ आणू, सोडून देऊ. सगळे सारखेच दिसतात. तिला काय कळतंय?"

काकांनी ताट बाजूला सारलं. "तिला कळतं," ते म्हणाले. "तिला सगळं कळत होतं. तुला नाही कळत."

चिरंजीव म्हणाले, "वा! हे आज सुचलं होय तुम्हाला?"

मुलगा उद्धट होता, पण या वेळी बरोबर बोलला होता. ती घरात असताना 'तिला कळतं' एवढे दोनच शब्द पुरले असते.

तरीही शनिवारी ते त्या दुकानात गेलेच. माणसाचा जीव भित्रा, काय करणार. काचेच्या पेट्यांसमोर तासभर वाकून त्यांनी पांढऱ्या डागाची एक शोधूनही काढली. दुकानदार जाळी घेऊन आला आणि त्याने सहज विचारलं, कुठे ठेवणार? काकांनी काय झालं ते सांगून टाकलं. दुकानदार जाळी खाली ठेवून म्हणाला, "अहो आजोबा, झोपले होते ना ते? त्यांना उठवलंत, पोटभर जेवू घातलंत आणि तशाच भरल्या पोटी बर्फात लोटलंत. उघड्यावरच्या तळ्यात कमरेइतकं पाणी असेल तर त्यांना कोणाची गरज नसते. थंडीभर नुसतं सोडून द्यायचं." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "पुष्कळांचं होतं असं," तो म्हणाला. काका रिकाम्या हाताने घरी आले.

रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. काकांनी आधीच खुर्ची ओढून ठेवली होती.

"बाबा, कसे आहात? तिकडे वादळ झालं म्हणे."

"झालं."

"मासे बरे आहेत ना? ते तळाशी असतील तर वादळाचं त्यांना काही नाही."

काकांनी सगळं सांगितलं. नळी, पंप, पंधरा डिग्री, खाण्याचा डबा, बादल्या, फुटलेलं कोपर, हातोडी. दर रविवारी खोटं बोलत होतो तेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. मध्येच त्यांना वाटलं की फोन बंद पडला.

"किती राहिले?" तिने विचारलं.

"एकही नाही गं."

ती रडत होती. आवाज न करता रडत होती, जशी या घरात रडायची. काकांना तो श्वास ओळखीचा होता. भिंतीपलीकडून त्यांनी तो पुष्कळदा ऐकला होता.

रडणं आवरून ती म्हणाली, "मी तुमच्याकडे ते का ठेवले माहितीये, बाबा? मला शेजारच्या बाईही बघते म्हणाल्या होत्या. पण त्यांचा हात सारखा चुळबुळतो. मला वाटलं, या घरात काहीही झालं तरी बाबा जागचे हलत नाहीत. माझ्यासमोर कधी हलले नाहीत. माशांना तेवढंच तर हवं होतं."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं, अंगावर घेता आला असता. ती खरंच तसं समजून मासे ठेवून गेली होती.

काकांना सांगायचं होतं की पोरी, तुझ्यासाठी म्हणून पहिल्यांदाच हललो गं. पण हे बोलायला तरी कोणत्या तोंडाने बोलावं? आरशासमोर घोटलेलं वाक्य तेवढं उरलं होतं. ते चहा-बिहाशिवाय, फोनवर, कोपराला पट्टी बांधलेल्या अवस्थेत बोलावं लागलं.

"त्या संध्याकाळी मी बोलायला हवं होतं. तू शाखेचं सांगितलंस तेव्हा. तो चुकला, आणि मी त्याच्याहून जास्त चुकलो."

"हो, बाबा," ती म्हणाली. "बोलायला हवं होतं."

एवढंच. राग नाही, जाऊ द्या हो असं नाही. काका वाट बघत राहिले की ती आणखी काही बोलेल. तिने विचारलं, जास्त लागलंय का. काका म्हणाले, नाही. अंगणात जपून चाला, ती म्हणाली. काकांनी विचारलं, काम कसं चाललंय. शाखेत आता सहाजण आहेत, ती म्हणाली, आणि परवाच अंगण असलेलं एक घर पक्कं केलंय.

"छान झालं," काका म्हणाले.

"ठेवते, बाबा."

थंडी संपल्यावर येण्याबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.